विश्लेषण : अस्वलांच्या मुलखात दीडशे वर्षे जुन्या काडतुसाची रायफल आजही का लागते?

'ज्युरासिक वर्ल्ड'मध्ये डायनासोरच्या मागे धावणाऱ्या नायकाच्या हातात एक आखूड, चकचकीत रायफल दिसते. 'विंड रिव्हर' या चित्रपटातला बर्फाळ रानातला शिकारीही तशीच रायफल खांद्याला अडकवून फिरतो. दोन्ही चित्रपटांतली ही रायफल म्हणजे मार्लिन कंपनीची १८९५ एसबीएल. तिची यंत्रणा एकोणिसाव्या शतकातली आणि काडतूस १८७३ सालचे. ड्रोन आणि थर्मल कॅमेऱ्यांच्या काळात ही रायफल वस्तुसंग्रहालयात असायला हवी होती. पण अलास्कातले फिशिंग गाइड, भूगर्भशास्त्रज्ञ आणि शिकारी ती आजही विकत घेतात आणि पावसापाण्यात वापरतात. असे का? अस्वल समोर आले तर ती खरेच जीव वाचवते का? आणि अमेरिकेत राहणाऱ्या किंवा फिरायला जाणाऱ्या मराठी माणसाने यातले काय लक्षात ठेवायला हवे? जाणून घेऊया.

'बॅककंट्री' म्हणजे नेमके काय?

गाडीरस्ता संपतो, मोबाइलची रेंज जाते आणि मदत यायला काही तास किंवा काही दिवस लागू शकतात, अशा रानाला अमेरिकेत 'बॅककंट्री' म्हणतात. अलास्का, मोंटाना, वायोमिंग, आयडाहो ही राज्ये आणि कॅनडाचा पश्चिम व उत्तर भाग यांत असे प्रचंड प्रदेश आहेत.

अलास्काचे क्षेत्रफळ सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर आहे. म्हणजे साडेपाच महाराष्ट्र मावतील एवढे. लोकसंख्या मात्र २०२० च्या जनगणनेनुसार ७ लाख ३३ हजार, म्हणजे कल्याण-डोंबिवलीपेक्षाही कमी. याच राज्यात अंदाजे ३० हजार तपकिरी अस्वले (ग्रिझली याच जातीतले) आणि सुमारे एक लाख काळी अस्वले आहेत, असे तेथील मासे व वन्यजीव विभाग सांगतो.

आपल्याकडे बुलढाण्यात किंवा चंद्रपुरात दिसणारे अस्वल साधारण ८० ते १४५ किलोचे असते. तेवढ्या अस्वलाच्या हल्ल्यातही माणूस आयुष्यभरासाठी जायबंदी होतो. अलास्काच्या कोडियाक बेटावरचा मोठा नर ६०० किलोच्याही पुढे जातो. सॅमन माशांच्या हंगामात ही अस्वले नदीकाठी जमतात आणि गळ टाकणारी माणसेही त्याच काठावर असतात. रायफलची गरज इथून सुरू होते.

लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल चालते कशी?

या रायफलच्या चापाभोवतीचा जो लोखंडी कडा असतो, तोच तिचा लिव्हर. गोळी झाडली की बोटे त्या कड्यात अडकवून तो खाली, पुढच्या दिशेने ढकलायचा. त्याबरोबर आतला बोल्ट मागे सरकतो, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि हॅमर ताणला जातो. कडा परत वर ओढला की नवे काडतूस नळीत चढते आणि रायफल पुन्हा तयार होते. सराव असेल तर हे सगळे एका सेकंदाच्या आसपास होते आणि दस्ता खांद्यावरून हलवावा लागत नाही.

काडतुसे ठेवण्यासाठी बॅरलच्या खाली, तिला समांतर एक लांब नळी असते. हेच मॅगझिन. त्यात काडतुसे एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारखी बसतात. बाजूच्या झडपेतून एकेक काडतूस आत सरकवता येते. चार गोळ्या झाडून दोन भरायच्या, असे चालू शकते. मॅगझिन पूर्ण रिकामे होण्याची वाट पाहावी लागत नाही.

ही कल्पना १८६० च्या हेन्री रायफलने लोकप्रिय केली. पुढे विंचेस्टरची १८६६ आणि १८७३ ची मॉडेल्स आली. 'वेस्टर्न' चित्रपटांत घोडेस्वारांच्या हातात दिसतात त्या बहुतेक याच घराण्यातल्या. पण त्यांची काडतुसे पिस्तुलाच्या ताकदीची होती. मोठ्या ताकदीचे काडतूस पेलणारी यंत्रणा मार्लिनने १८८१ मध्ये आणली. त्यानंतर जॉन ब्राउनिंग यांनी आखलेली, आणखी भक्कम अशी विंचेस्टर १८८६ मध्ये बाजारात आली. 'बिग-बोअर लिव्हर गन' म्हणतात ती इथपासून.

.४५-७० या आकड्यांचा अर्थ काय?

या वर्गातले सर्वांत प्रसिद्ध काडतूस म्हणजे .४५-७० गव्हर्नमेंट. अमेरिकी लष्कराने ते १८७३ मध्ये स्वीकारले. पहिला आकडा गोळीच्या जाडीचा : इंचाचे ४५ शतांश, म्हणजे साधारण साडेअकरा मिलिमीटर. आपल्या करंगळीच्या टोकाएवढी जाड गोळी. दुसरा आकडा काळ्या दारूच्या वजनाचा : ७० ग्रेन, म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम. मूळ गोळी ४०५ ग्रेनची, म्हणजे २६ ग्रॅमची होती.

आजच्या धूरविरहित दारूवर हेच काडतूस बरेच जास्त काम करते. एका लोकप्रिय आधुनिक काडतुसात २१ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ६२५ मीटर वेगाने निघते. तिची ऊर्जा ४,१०० ज्यूलच्या आसपास भरते. तुलनाच करायची तर पोलिसांच्या ९ मिमी पिस्तुलाची गोळी साधारण ५०० ज्यूलची आणि इन्सास रायफलची ५.५६ मिमी गोळी सुमारे १,७०० ज्यूलची असते.

पण अस्वलाच्या बाबतीत फक्त ऊर्जा पाहून चालत नाही. समोरून येणाऱ्या अस्वलाच्या अंगावर जाड चरबी, दाट स्नायू आणि खांद्याची मजबूत हाडे असतात. त्यातून सरळ रेषेत खोल जाणारी गोळी लागते. हलकी, वेगवान गोळी वरच्या थरातच फुटून पसरण्याचा धोका असतो. जड, कठीण आणि चपट्या नाकाची गोळी कमी वेगातही आत शिरत राहते. म्हणूनच अस्वलांच्या मुलखात कठीण मिश्रधातूच्या शिशाच्या किंवा अखंड तांब्याच्या जड गोळ्या पसंत केल्या जातात.

इथे एक इशारा महत्त्वाचा. .४५-७० ची काडतुसे दिसायला सारखी असली तरी त्यांच्या आतला दाब तीन पातळ्यांचा असतो. १८७३ च्या जुन्या स्प्रिंगफिल्ड रायफलींसाठी सौम्य, आधुनिक लिव्हर-अ‍ॅक्शनसाठी मध्यम आणि काही एकबारी, फार भक्कम रायफलींसाठी तीव्र. तीव्र काडतूस जुन्या रायफलमध्येही सहज बसते. चाप ओढला की मात्र रायफल फुटून चेहऱ्यावर येऊ शकते. आजोबांची जुनी रायफल आणि दुकानातले नवे काडतूस ही जोडी म्हणूनच धोक्याची मानतात. काडतुसाच्या खोक्यावरचा मजकूर वाचल्याशिवाय भरू नये, हा या छंदातला पहिला धडा आहे.

गोळीचे नाक चपटे का असते?

मॅगझिनची रचना आठवा. काडतुसे एकामागे एक बसलेली असतात. म्हणजे मागच्या काडतुसाच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकते. त्याच बुडात मधोमध प्रायमर असतो, ज्यावर ठोका पडला की दारू पेटते. टोकदार गोळी असेल तर रायफलच्या धक्क्याने ते टोक खिळ्यासारखे प्रायमरवर आदळू शकते आणि मॅगझिनमध्येच स्फोट होऊ शकतो. म्हणून लिव्हर-अ‍ॅक्शनसाठी चपट्या नाकाच्या गोळ्या.

चपटे नाक हवेला जास्त विरोध करते, त्यामुळे गोळीचा वेग लवकर घटतो. यावर हॉर्नाडी कंपनीने मऊ, रबरासारख्या पॉलिमरचे टोक काढले. टोकदार आकारामुळे हवा कापली जाते आणि मऊपणामुळे प्रायमरला धोका राहत नाही. मात्र अगदी जवळच्या अंतरावर, अस्वलासाठी, बरेच जाणकार अजूनही जुन्या चपट्या जड गोळीलाच पसंती देतात.

किती अंतरापर्यंत उपयोग?

ही लांब पल्ल्याची रायफल नाही. मूळ वजनाची, सेकंदाला सुमारे ४०५ मीटर वेगाची गोळी घ्या. १०० मीटरवर नेम बरोबर जुळवला असेल तर २०० मीटरवर ती नेमाच्या पाऊण मीटरच्या आसपास खाली पडते. छातीवर धरलेला नेम पायाखालच्या मातीत जाईल. आधुनिक वेगवान काडतुसात ही घसरण बरीच कमी होते, तरीही २०० मीटरच्या पुढे अंतराचा अचूक अंदाज असल्याशिवाय गोळी झाडणे म्हणजे जनावर जखमी करून सोडणे.

दाट झाडी, नदीकाठची झुडपे, ५० ते १०० मीटरची दृष्टी, अशा ठिकाणी मात्र ती चपखल बसते. बॅरल आखूड असल्याने फांद्यांत अडकत नाही. दोन्ही बाजू सपाट असल्याने खांद्यावर, होडीत किंवा घोड्याच्या खोगिरात नीट राहते. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलची मूठ उजव्या बाजूला असते, त्यामुळे डावखुऱ्यांची अडचण होते. लिव्हर मधोमध असल्याने ती अडचण इथे नाही.

धक्का किती बसतो?

यासाठी अकरावीच्या भौतिकशास्त्रातला संवेग अक्षय्यतेचा नियम पुरेसा आहे. गोळी २१ ग्रॅमची, वेग ६२५ मीटर प्रतिसेकंद. संवेग झाला साधारण १३. रायफलचे वजन ३.३ किलो धरले तर केवळ गोळीमुळे ती सेकंदाला ४ मीटर वेगाने मागे येते. दारूच्या वायूंचा जोर मिळवला की हा वेग ५ च्या जवळ जातो. याच हिशेबाने चार किलोच्या इन्सासमध्ये गोळीमुळे येणारा वेग सेकंदाला एक मीटरही भरत नाही.

धक्क्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. त्यामुळे वेग चौपट असला तरी खांद्याला जाणवणारा फटका चौपटीच्या कितीतरी पुढचा असतो. नवख्या माणसाला पाच-सहा गोळ्यांनंतर खांदा दुखू लागतो. त्याहून वाईट म्हणजे मेंदू धक्क्याची धास्ती घेतो. चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात, खांदा आक्रसतो आणि नेम चुकतो. दुर्बीण डोळ्याच्या फार जवळ बसवली असेल तर तिची कड भुवईवर आपटून जखम होते. म्हणूनच रानातल्या रायफलवर बरेच जण दुर्बिणीऐवजी मोठ्या छिद्राची साधी 'घोस्ट रिंग' साइट बसवतात. तिच्यातून दोन्ही डोळे उघडे ठेवून पटकन नेम धरता येतो.

आवाजाचेही तसेच. अशा रायफलचा बार १५० डेसिबलच्या वर जातो. १४० डेसिबलच्या पुढचा एकच आवाजही कानाला कायमची इजा करू शकतो. रेंजवर कानाला संरक्षण आणि डोळ्याला चष्मा, याला पर्याय नाही.

मार्लिन बंद पडून पुन्हा कशी उभी राहिली?

मार्लिनने १८९५ हे मॉडेल त्याच वर्षी काढले आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात बंद केले. १९७२ मध्ये ते नव्या रूपात परतले. १९९८ मध्ये आखूड बॅरलची 'गाइड गन' आली आणि रानातल्या वाटाड्यांची रायफल अशी तिची ओळख पक्की झाली. २००७ मध्ये रेमिंग्टनने मार्लिन विकत घेतली. त्यानंतरच्या काही वर्षांतल्या रायफलींच्या दर्जाबद्दल ग्राहकांनी बऱ्याच तक्रारी केल्या. २०२० मध्ये रेमिंग्टनचे दिवाळे वाजले तेव्हा रुगर कंपनीने लिलावात मार्लिनचे नाव व यंत्रसामग्री घेतली. रुगरने बनवलेली पहिली १८९५ एसबीएल २०२१ च्या डिसेंबरमध्ये बाहेर पडली.

आज अशा नव्या रायफलची किंमत साधारण दीड हजार डॉलरच्या घरात असते. एका काडतुसाला दोन ते चार डॉलर पडतात. म्हणजे पन्नास गोळ्यांचा सराव केला तर हजारो रुपये धुरात जातात. रायफल घेणारे बरेच आणि तिचा सराव करणारे थोडे, यामागचे एक कारण हेही आहे.

कॅनडात मागणी वाढण्याला वेगळे कारण आहे. तिथे २०२० मध्ये अनेक सेमी-ऑटोमॅटिक रायफलींवर बंदी आली आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पिस्तुलांची खरेदी-विक्री गोठवली गेली. हाताने चालणारी लिव्हर-अ‍ॅक्शन या निर्बंधांच्या बाहेर राहिली.

मुख्य प्रश्न : रायफल खरेच जीव वाचवते का?

धावणारे ग्रिझली ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास वेग घेते. म्हणजे सेकंदाला १५ मीटर. ते ३० मीटरवरच्या झुडपातून निघाले तर तुमच्यापर्यंत पोहोचायला त्याला दोन सेकंद लागतात. तेवढ्यात रायफल खांद्यावरून उतरवायची, हॅमर ताणायचा, नेम धरायचा आणि हलत्या लक्ष्यावर चाप ओढायचा. अमेरिकी वन सेवेने अलास्कातल्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी वेगवेगळ्या काडतुसांची चाचणी घेतली होती. तिचा अहवाल १९८३ मध्ये आला. त्यात चाचणीचे अंतर ठेवले होते फक्त १५ यार्ड, म्हणजे जेमतेम १४ मीटर. प्रत्यक्ष हल्ल्यात गोळी किती जवळून झाडावी लागते, हे त्यावरून समजते.

अस्वलतज्ज्ञ टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि सहकाऱ्यांनी या विषयावर दोन अभ्यास केले. २००८ च्या अभ्यासात त्यांनी अलास्कातल्या बेअर स्प्रेच्या घटना तपासल्या. हा मिरचीतल्या कॅप्सेसिनचा जोरदार फवारा. तपकिरी अस्वलांच्या बाबतीत ९२ टक्के आणि काळ्या अस्वलांच्या बाबतीत ९० टक्के वेळा फवाऱ्याने अस्वलाचे नकोसे वागणे थांबले. स्प्रे जवळ बाळगणाऱ्या आणि अस्वलाशी जवळून गाठ पडलेल्या लोकांपैकी ९८ टक्के विनाजखम सुटले.

२०१२ च्या दुसऱ्या अभ्यासात बंदुकीच्या २६९ घटना होत्या. त्यात लांब बंदुकांनी ७६ टक्के आणि पिस्तुल-रिव्हॉल्व्हरनी ८४ टक्के वेळा अस्वल रोखले. पण बंदूक जवळ असूनही ती वापरलेल्या आणि न वापरलेल्या लोकांच्या जखमांच्या प्रमाणात संख्याशास्त्रीय फरक आढळला नाही. अपयशाच्या कारणांत सर्वांत वर होते वेळ न मिळणे. त्याशिवाय बंदूक अडकणे, नेम चुकणे, सेफ्टी लागलेलीच राहणे अशी कारणे होती. काडतुसाची ताकद कमी पडली, ही मुख्य अडचण नव्हती.

या आकड्यांवर आक्षेपही आहेत. दोन अभ्यासांतल्या घटना एकसारख्या निवडलेल्या नाहीत. बंदुकीच्या नोंदींत जखमी झालेल्यांच्या घटना जास्त येतात. कारण गोळी झाडून किंवा न झाडता सुखरूप परतलेला माणूस नोंद करायला जातोच असे नाही. स्प्रेच्या बऱ्याच घटनांत अस्वल हल्ला करत नव्हते, नुसते कुतूहलाने जवळ आले होते. त्यामुळे '९२ विरुद्ध ७६' अशी सरळ तुलना करणे चूक ठरेल. शिवाय जोराचा वारा, मुसळधार पाऊस आणि कडाक्याची थंडी यांत स्प्रेचा प्रभाव घटतो आणि त्याचा पल्ला सात-दहा मीटरपेक्षा फारसा नसतो.

तरीही दोन्ही अभ्यासांतून एक गोष्ट नीट दिसते. ज्याला सावध राहून साधन वेळेत हातात घेता आले, तो वाचण्याची शक्यता जास्त. रायफल झाडाला टेकवून मासे साफ करत बसलेल्या माणसाला .४५-७० चाही उपयोग नाही.

अनुभवी लोक काय करतात?

पहिले, अस्वलाला दचकवत नाहीत. दाट झाडीत बोलत, टाळ्या वाजवत चालतात. अन्न आणि कचरा तंबूपासून दूर, अस्वलाला उघडता न येणाऱ्या डब्यात ठेवतात. पिल्ले दिसली की मागे फिरतात.

दुसरे, स्प्रे छातीवर किंवा पट्ट्याला अडकवतात, पाठपिशवीत ठेवत नाहीत. गटात असतील तर एकाकडे स्प्रे आणि दुसऱ्याकडे रायफल अशी वाटणी करतात.

तिसरे, सराव बेंचवर बसून नव्हे, उभ्याने करतात. अंतर २० ते २५ मीटर. सुरुवात सौम्य काडतुसांनी. त्यात सर्वांत जास्त घोटला जातो तो लिव्हर. घाईत माणूस कडा अर्धवटच ढकलतो आणि परत ओढतो. मग रिकामे काडतूस बाहेर पडत नाही किंवा नवे अडकते. म्हणून प्रत्येक वेळी लिव्हर शेवटपर्यंत, जोरात फिरवायची सवय हाताला लावली जाते.

चौथे, रायफल सुरक्षित कशी ठेवायची हे ठरलेले असते. अनेक जण मॅगझिन भरलेले पण नळी रिकामी ठेवून चालतात; गरज पडली की एकदा लिव्हर फिरवला की झाले. बऱ्याच मॉडेल्समध्ये मॅगझिन रिकामे करण्यासाठी सगळी काडतुसे लिव्हरने एकेक करून नळीतून काढावी लागतात. त्या वेळी बोट चापापासून दूर आणि नळीचे तोंड सुरक्षित दिशेला हवे. अलास्काच्या किनारपट्टीवर पाऊस आणि खारे वारे असल्याने स्टेनलेस स्टीलची नळी आणि लॅमिनेट लाकडाचा दस्ता पसंत केला जातो.

अस्वल मारले तर पुढे काय?

अलास्कात जीव किंवा मालमत्ता वाचवण्यासाठी, परवाना नसतानाही, अस्वल मारता येते. पण ते अस्वल तुमचे होत नाही. नखांसह कातडे आणि कवटी काढून सरकारजमा करावी लागते. पंधरा दिवसांच्या आत लेखी अहवाल द्यावा लागतो. तुम्हीच अस्वलाला डिवचले असेल, किंवा उघड्यावर टाकलेल्या कचऱ्यामुळे ते आले असेल, तर स्वसंरक्षणाचा बचाव टिकत नाही. कित्येक किलोंचे ओले कातडे रानातून वाहून आणायचे आणि भिंतीवर टांगायला काहीच मिळायचे नाही. स्वसंरक्षणाच्या नावाखाली शिकार होऊ नये, यासाठीच ही तरतूद आहे.

राष्ट्रीय उद्यानांत नियम आणखी वेगळे. २०१० पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत त्या त्या राज्याच्या कायद्यानुसार बंदूक बाळगता येते. पण बाळगणे वेगळे आणि झाडणे वेगळे. यलोस्टोनमध्ये गोळी झाडणे बेकायदा आहे. उद्यान प्रशासन पर्यटकांना बेअर स्प्रेच घ्यायला सांगते आणि अस्वल व लांडग्यांपासून किमान १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर दूर राहायला सांगते.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी काय लक्षात ठेवावे?

हा भाग नीट वाचा. कारण इथली चूक थेट तुरुंगापर्यंत नेऊ शकते. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या व्यक्तीला सर्वसाधारणपणे बंदूक किंवा काडतूस ताब्यात ठेवता येत नाही. यात पर्यटक व्हिसा, विद्यार्थ्यांचा एफ-१ आणि आयटीवाल्यांचा एच-१बी व एल-१ हे सगळे येतात. एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना हा मुख्य अपवाद आहे. अपवादात बसत नसाल तर मित्राची रायफल रेंजवर 'एकदाच' हातात घेणेही ताबा ठरू शकते. शिक्षा १५ वर्षांपर्यंत आणि दोषी ठरल्यास देशाबाहेर पाठवले जाण्याचीही शक्यता. ग्रीन कार्डधारकांना हा विशिष्ट प्रतिबंध लागू नाही. त्यांना विक्रेत्याकडे संघीय अर्ज भरून आणि पार्श्वभूमी तपासणीतून जाऊन रायफल घेता येते. राज्याचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून शंका असेल तर आधी वकिलाला विचारलेले बरे.

अलास्कात शिकार करायची असेल तर अमेरिकेचा नागरिक नसलेल्या परदेशी व्यक्तीला कोणत्याही मोठ्या जनावरासाठी परवानाधारक गाइड सोबत असणे बंधनकारक आहे.

फक्त फिरायला जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. एक, बेअर स्प्रे प्रवासी विमानात हातातल्या सामानातही चालत नाही आणि चेक-इन बॅगेतही नाही. तिथे उतरल्यावर विकत किंवा भाड्याने घ्या. दोन, आठवण म्हणून जिवंत काडतूस बॅगेत टाकू नका. भारतातल्या विमानतळांवर बॅगेत एक जिवंत काडतूस सापडले म्हणून शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवल्याच्या घटना होत असतात. जाणीवपूर्वक ताबा नव्हता, हे नंतर न्यायालयात सिद्ध होऊ शकते, पण तोवर विमान, सुट्टी आणि कधीकधी नोकरीही हातची जाते.

भारतात अशी रायफल मिळते का?

व्यवहारात नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली बंदुकीसाठी परवाना लागतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत. खासगी व्यक्तींच्या आयातीवर १९८० च्या दशकापासून कडक निर्बंध आहेत. परवानाधारकांकडे प्रामुख्याने सरकारी कारखान्यांतली .३१५ बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल किंवा बारा बोअरची बंदूक दिसते. कोकणात रानडुक्कर-माकडांपासून पीक वाचवण्यासाठी दिलेल्या परवान्यांवर ठासणीच्या बंदुका आजही आहेत.

शिकारीला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदीच घातली. माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या वाघ-बिबट्याबाबतचा निर्णय राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक घेतात. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिक हेतूने जनावर मारले गेले तर तो गुन्हा मानला जात नाही. मात्र मारले गेलेले जनावर सरकारच्या मालकीचे होते. अलास्का आणि चंद्रपूर यांचे कायदे या मुद्द्यावर एकसारखेच बोलतात : जीव वाचवा, पण त्यातून ट्रॉफी मिळणार नाही.

फरक आहे तो परिस्थितीचा. अलास्कात रानात जाणारा बहुतेक वेळा हौसेने किंवा पगारासाठी जातो आणि त्याच्याकडे साधन निवडायची मुभा असते. ताडोबाच्या बाजूच्या गावात मोहफुले किंवा तेंदूपत्ता गोळा करायला पहाटे निघणाऱ्या बाईच्या हातात टोपली असते. वनरक्षकाकडेही बहुधा काठीच असते. त्यामुळे तिथल्या अभ्यासांतून आपण घ्यायचे ते रायफलचे मॉडेल नव्हे. आवाज करत चालणे, एकट्याने न जाणे, कचरा उघडा न टाकणे, पिल्लांपासून दूर राहणे, या गोष्टींना परवाना लागत नाही आणि दोन सेकंदांचा प्रश्नच उभा राहू नये यासाठी त्याच सर्वांत जास्त कामी येतात.

दीडशे वर्षांचे काडतूस आजही टिकून आहे, कारण जवळच्या अंतरावर ते आपले काम चोख करते. पण अलास्कातला जुना गाइड रायफल दाखवताना आधी स्प्रे कुठे अडकवलाय ते दाखवतो. रायफल ही त्याच्या यादीतली शेवटची गोष्ट असते. यादीतल्या आधीच्या गोष्टी नीट केल्या, तर तिचे मॅगझिन हंगामाच्या शेवटी जसे भरले होते तसेच परत रिकामे करावे लागते. त्याच्या मते तोच चांगला हंगाम.